लुबनाची अडलेली सही

लुबनाकडे माझं नीट लक्ष गेलं ते माझं डोकं दुखत होतं म्हणून. मूर्तिजापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. साल दोन हजार चार. आठवी ‘ब’च्या साठ मुलांत ही तिसऱ्या बाकावर बसायची. दोन घट्ट वेण्या, वहीला खाकी कव्हर, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अशी मुलं शिक्षकाच्या नजरेतून निसटतात. तीन महिने ती माझ्याही नजरेतून निसटलेलीच होती.

त्या आठवड्यात मी नवा चष्मा घेतला होता, स्टेशन रोडवरच्या इनायतुल्लाभाईंच्या दुकानातून. गोल काचांचा. पहिल्या दिवसापासून कपाळ ठणकायचं आणि फळ्यावरची ओळ उजवीकडे चढत जायची. नंबर नवा आहे, सवय होईल, असं म्हणून मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी तास संपल्यावर लुबना टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुमच्या चष्म्याच्या काचा उलट्या बसल्या. डावी उजवीकडे गेली.”

“तुला गं काय माहीत?”

“तुमी मान वाकडी करून वाचून राहिल्या.” मग जमिनीकडे बघत, “आन मीच बसवल्या होत्या त्या.”

इनायतुल्लाभाई तिचे वडील, हे मला तेव्हा कळलं. शुक्रवारी ते नमाजाला गेले की ही गल्ल्यावर बसायची आणि हात स्वस्थ राहत नसत म्हणून काचा बसवायची. गोल फ्रेममध्ये कुठलीही काच कुठल्याही बाजूला बसते. म्हणून त्यांच्या दुकानाचा नियम होता की काचा बसवून झाल्या तरी चष्मा पुन्हा नंबर तपासायच्या यंत्रावर ठेवायचा, एकेका डोळ्याचा नंबर कागदाशी जुळवायचा आणि मगच घडी करायची. त्या शुक्रवारी तिनं तेवढंच केलं नव्हतं. माझी वाकडी मान तिला दुसऱ्याच दिवशी दिसली होती. बोलायला अजून तीन दिवस लागले.

संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा इनायतुल्लाभाईंना आधीच सगळं ठाऊक होतं. त्यांनी काचा काढून नीट बसवल्या, यंत्रावर दोनदा पाहिल्या.

“गलती आमची हाय, मॅडम,” ते म्हणाले. “पण पोरगी खुद येऊन बोलली, हे मले आवडलं. मी असतो तर चूप बसलो असतो का, हे नाई सांगू शकत.”

आतून नसीमबानोंचा आवाज आला. “तुमी तर मेहताबचाचाचा चष्मा दोन साल उलटा घालू दिला.”

“त्याले तसाच बरा दिसत होता,” इनायतुल्लाभाई म्हणाले, आणि माझ्याकडून पैसे घ्यायला साफ नकार दिला.

त्यानंतर लुबना माझ्या तासाला हात वर करू लागली, असं काही झालं नाही. ती तशीच गप्प राहिली. फक्त प्रयोगवहीत ती जे खरंच दिसलं तेच लिहिते, हे माझ्या लक्षात येऊ लागलं. इतर मुलं पुस्तकातलं उत्तर आधी लिहून मग प्रयोग करत. हिच्या वहीत एकदा वाचलं, ‘रंग बदलायला हवा होता, बदलला नाही, कारण समजलं नाही.’ मी तिला त्या प्रयोगाचे पूर्ण गुण दिले.

दहावीनंतर ती बारावी आणि बीएस्सीसाठी अकोल्याला जाऊ लागली, रोज गाडीनं जाणं-येणं. मग अमरावतीला जैवतंत्रज्ञानात एमएस्सी. तोवर मी निवृत्त होऊन अमरावतीत साईनगरला राहायला आले होते, त्यामुळे ती अधूनमधून येई. पुढे हैदराबादला औषधाच्या एका कंपनीत आठ वर्षं. नसीमबानो मला फोन करून म्हणत, “मॅडम, तुमी सांगा न तिले. रिश्ते येऊन राहिले, आन पोरगी मशीनचे फोटो पाठवते.” मी सांगितलं नाही. फोटो मलाही येत होते.

तीन वर्षांपूर्वी ती परत आली. का, असं विचारलं तर म्हणाली, “काम चांगलं होतं, मॅडम. पण संध्याकाळी खोलीवर गेलं की दिवसाचं सांगाले कोणी नव्हतं. मले इथं राहायचं हाये.” एवढंच. मोहसीननं, तिच्या धाकट्या भावानं, दुकान सांभाळायला घेतलं होतं. अब्बांना साखरेचा त्रास सुरू झाला होता. पण त्यांच्यासाठी आले असं ती कधी म्हणाली नाही, आणि ते खरंही नव्हतं. तिला मूर्तिजापूर आणि अमरावती आवडत होतं, आणि आवडत्या ठिकाणी तिच्या विषयाचं काम मिळालं होतं.

ते काम धर्मपाल गवईंच्या प्रयोगशाळेत. गवई मोर्शीचे. वीस वर्षं बाहेर मोठमोठ्या कंपन्यांत काढून त्यांनी अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये ही प्रयोगशाळा काढली. मोठ्या शहरांतल्या औषध कंपन्या आपले नमुने त्यांच्याकडे तपासायला पाठवतात. बाहेर मे महिन्यात शेहेचाळीस अंश, आत यंत्राच्या खोलीत एकवीस, आणि दारावर गवईंच्या हातची पाटी: ‘दार लावा. थंडी विकत घेतलेली आहे.’ माणसं सात. त्यातली यंत्रावर काम करणारी तीन, आणि त्या तिघांत लुबना मुख्य.

तिचं काम काय, हे तिनं मला माझ्याच चष्म्यावरून समजावलं, म्हणून मी ते सांगू शकते.

आपल्या रक्तात अँटिबॉडी असतात, मराठीत प्रतिपिंड. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, वरचे दोन हात पकडायला. नेहमीच्या अँटिबॉडीचे दोन्ही हात एकच गोष्ट पकडतात. आता कर्करोगावर अशी औषधं तयार होतात की एक हात रोगी पेशी पकडतो आणि दुसरा आपल्याच शरीरातली लढणारी पेशी पकडून तिच्यापाशी आणतो. अशा रेणूत चार साखळ्या असतात, दोन लांब आणि दोन आखूड. प्रत्येक लांब साखळीची आखूड साखळी ठरलेली. पण त्या तयार होतात एकाच पेशीत, एकाच वेळी, आणि एकमेकींना शोधून जुळतात. त्यात कधी इकडची आखूड तिकडे जाते. जोडी चुकली की हात पकडायचा थांबतो.

“मग कळतं कसं?” मी विचारलं.

“वजन करतो. आमचं यंत्र रेणूचं वजन सांगते. एकाच प्रकारच्या दोन आखूड साखळ्या लागल्या तर वजन बदलते, लगेच दिसते.”

“आणि दोन्हींची अदलाबदल झाली तर?”

ती हसली. “तुमचा चष्मा, मॅडम. दोन्ही काचा तिथंच, फ्रेम तीच, वजन तेच.”

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये जे झालं, ते इथूनच सुरू झालं.

एका कंपनीकडून अशा औषधाचे नमुने आले होते. चुकीच्या जोड्या किती आहेत ते सांगा, शुक्रवारपर्यंत अहवाल द्या, अशी मागणी. त्या अहवालावर पुढचं काम अवलंबून होतं. अहवाल वेळेत आणि चांगला गेला तर वर्षभराचे नमुने इथंच येणार होते. लुबनानं तपासणीचा आराखडा लिहिला, वजनं घेतली. सगळी बरोबर आली. वेगळं वजन एकही नाही. सहकाऱ्यानं अहवाल टंकला: ‘चुकीची जोडी आढळली नाही.’ खाली तिघांच्या सह्या लागत. दोन झाल्या. लुबनानं केली नाही.

तो आठवडा ती माझ्याकडे राहत होती, कारण रुळांच्या कामासाठी मूर्तिजापूरहून येणारी तिची सकाळची गाडी बंद होती. मंगळवारी संध्याकाळी गवई स्कूटरवरून माझ्या दाराशी आले. त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. ठेंगणे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हातात संत्र्यांची पिशवी.

“मॅडम, तुमची विद्यार्थिनी मले जेवू देऊन नाई राहिली,” असं म्हणत ते व्हरांड्यात बसले. मग तिच्याकडे वळले. “लुबना, काहून अडून बसली? आराखडा कोणं लिहिला?”

“मी.”

“त्यात वजन सोडून दुसरं काही होतं?”

“नव्हतं.”

“मंग तूच लिहिते न्‌ तूच नाई म्हणते.”

“चुकलं माझं, सर. त्यायनं औषध शुद्ध कसं केलं तो कागद मी काल वाचला. आधी वाचायले पायजे होता.”

तिनं कागद पुढे केला. मला समजेल अशा बेतानं ती बोलत होती, ते सवयीनं की मुद्दाम, माहीत नाही. कंपनीनं औषध दोन गाळण्यांतून काढलं होतं. एका गाळणीत पहिल्या प्रकारची आखूड साखळी असलेले रेणू धरून ठेवायचे, दुसऱ्या गाळणीत दुसऱ्या प्रकारची असलेले. म्हणजे ज्यांत एकाच प्रकारच्या दोन आखूड साखळ्या होत्या ते सगळे गळून गेले. वजनानं दिसले असते तेवढेच नेमके गेले. पण ज्यांत दोन्हींची अदलाबदल झाली त्यांत दोन्ही प्रकारची एकेक साखळी असतेच. ते दोन्ही गाळण्यांतून सुखरूप आले असणार, आणि वजनाला चोख.

“असणार,” गवई म्हणाले. “असणार म्हणजे हायेत असं नाई.”

“नाई. नसतीलही. पण आपण ‘आढळली नाही’ लिहून राहिलो, आन आपण पाहिलंच नाई.”

गवईंनी एक संत्रं सोलायला घेतलं.

“शुक्रवारी अहवाल गेला नाई तर ते दुसऱ्याकडे जाईन,” ते म्हणाले. “मंग यंत्रावर तिघं ठेवणं माह्याच्यानं होणार नाई. सगळ्यात मोठा पगार तुहा हाये. हे तुले धमकी म्हणून नाई सांगत, तसंच हाये म्हणून सांगतो.”

“माहीत हाये मले, सर.”

“तुले किती दिवस पायजे?”

“रेणू कापायचा. दोन्ही हात वेगळे करायचे, एकेका हाताचं वजन घ्यायचं. हाताच्या वजनात लपत नाई. काम दीड दिवसाचं. पण कापायचं एन्झाइम आपल्याकडे नाई.”

“आन कुरिअरले पाच दिवस.”

“माही मैत्रीण पौर्णिमा उद्या रात्री ते घेऊन हैदराबादहून निघून राहिली. चुलत बहिणीचं लग्न हाये अकोल्याले. मी तिले फोन केला.”

गवईंनी माझ्याकडे पाहिलं. “पाहा. माह्याशी भांडाच्या आधी हिनं गाडीचं टाइमटेबल पाहिलं.” आणि संत्र्याच्या फोडी आम्हा दोघींना वाटून ते उठले. जाताना म्हणाले, “कंपनीले मी सोमवार सांगतो. सोमवारच्या पुढं माह्यं कोणी आयकणार नाई.”

लुबना रात्री नीट जेवली नाही. भांडी घासताना मला म्हणाली, “मॅडम, अदलाबदल नसली तर मी तिघांच्या पोटावर उगाच पाय दिला. आन असली तरी कंपनी नाराज होईन. म्हणजे दोन्हीकडून मले हैदराबादच दिसून राहिलं.” मी म्हटलं, कर सही मग. ती म्हणाली, “नाई,” आणि कढई पालथी घातली.

गुरुवारी सकाळी मी तिच्याबरोबर अकोल्याला गेले. मला मावसबहिणीला भेटायचं होतं, हे अर्धं कारण. स्टेशनवर पौर्णिमा उतरली ती एका हातात लग्नाच्या साडीची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा थर्मास घेऊन. ही लुबनाची बीएस्सीची मैत्रीण, अकोल्याच्या जुन्या शहरातली.

“घे तुहं बाळ,” तिनं थर्मास पुढे केला. “वाशिमले बर्फ बदलला. उसाच्या रसवाल्याकडून घेतला. तो विचारे, आतमध्ये काय हाये ताई? मी म्हटलं, दवाई. तर पैसेच घेईना.”

“बाटली भिजली तर नाई न?”

“दोन पिशव्यायत बांधली, लुबना. मी बी लॅबमध्येच काम करतो, गोळ्या-बिस्किटाच्या दुकानात नाई.”

लुबनानं थर्मास उघडून बाटली पाहिली, झाकण पुन्हा आवळलं आणि मगच मैत्रिणीला मिठी मारली. पौर्णिमा मला म्हणाली, “पाहिलं न मॅडम, माहा नंबर दुसरा.” लग्नाला थांब म्हणून तिनं फार आग्रह केला. लुबना पुढच्या गाडीनं अमरावतीलगतच्या बडनेऱ्याला गेली. मी बहिणीकडे गेले, आणि खरं सांगायचं तर बहिणीच्या बोलण्याकडे माझं लक्ष नव्हतं.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. कापलेल्या नमुन्यात दोन प्रकारचे हात दिसायला हवे होते. चार प्रकारचे दिसले. शंभरातले चार हात चुकीच्या जोडीचे होते.

मला वाटलं, संपलं. पण गवईंनी तिला एक प्रश्न विचारला होता, आणि तो तिला आवडला होता. ते म्हणाले होते, “कापता कापताच साखळ्यायनं जागा बदलली असन तर? मंग चूक औषधाची नाई, आपल्या कात्रीची.” ती रविवारीही गेली. कंपनीनं तुलनेसाठी दोन साध्या अँटिबॉडी पाठवल्या होत्या, एकीचे दोन्ही हात पहिल्या प्रकारचे, दुसरीचे दोन्ही दुसऱ्या. तिनं त्या दोन्ही एका नळीत मिसळल्या आणि त्याच रीतीनं, तेवढाच वेळ कापल्या. कापताना साखळ्या जागा बदलत असत्या, तर या मिश्रणातही चुकीचे हात दिसले असते. एकही दिसला नाही. कात्री निर्दोष होती.

सोमवारी अहवाल गेला. आधी ठरलेलं वाक्य त्यात नव्हतं. त्याऐवजी दोन परिच्छेद होते, आणि दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की आमचा पहिला आराखडा अपुरा होता. हे वाक्य गाळावं असं गवईंना वाटत होतं. लुबना म्हणाली, “मग मंगळवारी व्हरांड्यात बसून आपण काय केलं, सर?” वाक्य राहिलं. तिसरी सही झाली.

मग आठ दिवस कंपनीकडून काही नाही. ना पत्र, ना फोन. गाडी पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळे ती मूर्तिजापूरहून येऊ लागली, पण येता-जाता माझ्याकडे डोकावे. चौथ्या दिवशी तिनं हैदराबादच्या जुन्या कंपनीत अर्ज पाठवला. पाचव्या दिवशी नसीमबानोंनी मला फोन केला. या वेळी रिश्त्याचं काही नव्हतं. “मॅडम, पोरगी पुन्हा जाईन का हो?” मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिचे अब्बा म्हणतात, जाऊ दे, पण सच बोलून जाऊन राहिली. मी म्हणतो, सच इथं बसून नाई बोलता येत का?”

नवव्या दिवशी गवई पुन्हा माझ्या दाराशी आले. लुबना आत चहा करत होती. ते चपला काढायच्या आधीच बोलू लागले. कंपनीनं चुकीची जोडी तिसऱ्या एका ठिकाणाहून पडताळून घेतली होती. तिथंही शंभरात चारच आल्या. आता आधीच्या अकरा घाण्यांचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या औषधाचे, नमुने ते इकडेच पाठवणार होते, आणि सगळे हात कापूनच तपासा, असं लिहिलं होतं.

“आन वजन?” लुबना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“वजनही करा म्हणे. दोन्ही.”

“बरोबर हाये. एकाच प्रकारच्या दोन लागल्या तर ते वजनात सोपं दिसते.”

“अगं, तुले काम भेटलं हे सांगून राहिलो मी.”

“आयकलं, सर.” तिनं कपबश्या आणून ठेवल्या. साखर तीन वेळा विचारली, आम्ही तिन्ही वेळा सांगितलं, आणि चहा बिनसाखरेचाच निघाला. गवई म्हणाले, इनायतुल्लाभाईंसाठी केलेला दिसतो. तिनं कप परत नेले.

तिच्याविषयी मी एकदा एका शाळेच्या कार्यक्रमात बोलले. चष्म्याची गोष्ट सांगितली आणि म्हटलं की आठवीतल्या त्या चुकीतूनच पुढचा शोध लागला. कार्यक्रमानंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “मॅडम, असं नाई हाये. ही अदलाबदल सगळ्या जगाले माहीत हाये, पुस्तकायत हाये. मी कागद उशिरा वाचला, एवढंच झालं. शोध-बिध काही नाई.” मी दुरुस्ती मान्य केली आणि ती इथंही करून ठेवते.

आता गवईंच्या प्रयोगशाळेत नवा नमुना आला की आराखडा लिहिण्याआधी औषध शुद्ध कसं केलं तो कागद वाचला जातो, आणि वाचणाऱ्यानं त्यावर तारीख टाकायची असते. हा नियम लुबनानं लावला. पहिली तारीख तिचीच पडते. अकरा घाणे संपले, पुढचे सुरू आहेत. हैदराबादहून बोलावणं आलं होतं, तिनं नको म्हणून कळवलं. यंत्रावर आता चौघं आहेत. चौथी मुलगी प्रियदर्शनी, अकोल्याची, आणि ती लुबनाला प्रश्न विचारून भंडावते अशी गवईंची आनंदानं केलेली तक्रार असते.

लुबना चौतीस वर्षांची आहे. मागच्या जूनपासून तिनं बडनेऱ्यात स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत, आणि नसीमबानो महिन्यातले पंधरा दिवस तिच्याकडे राहतात.